भिलाईच्या हवेवर लावलेला मीटर

मरोदा सेक्टर, भिलाई
१२ मे

आदरणीय आक्का,

सविनय जय भीम. तुझ्या डाव्या गुडघ्याचं कसं आहे? बीपीची गोळी रोज सकाळी घेतेस ना, की आठवण आली की घेतेस? नागपूरचा पारा चव्वेचाळीसच्या वर गेल्याचं बातम्यांत ऐकलं. दुपारी गच्चीवर पापड बघायला जाऊ नकोस, पापड काही पळून जात नाहीत. माझी तब्येत बरी आहे. (होती, मग मध्ये चार दिवस नव्हती, आता पुन्हा आहे. ते खाली येईलच.) आजच्या दिवसांत पत्र कसलं लिहितो, असं तू म्हणशील. त्याचं कारण असं की फोनवर मला तुझ्याशी बोलता येत नाही. मी काही महत्त्वाचं सांगायला लागलो की तू पलीकडून नुसतं "हं" म्हणतेस, आणि त्या "हं"ला घाबरून मी भाजीचे भाव विचारतो आणि फोन ठेवतो. साठीला आलो तरी हेच चाललंय. पत्रात निदान मला माझं वाक्य पुरं करता येईल.

तर तुझा निरोप मिळाला. दौलतरावांच्या परागचं स्थळ चांगलं आहे, घर माहितीतलं आहे, आणि उत्कर्षाचं हो की नाही ते येत्या रविवारपर्यंत कळवलं नाही तर तू स्वतः भिलाईला येऊन बसशील, हे सगळं पोचलं. तुझा तो हक्कच आहे. प्रेरणा गेली, सहा वर्षांची उत्कर्षा आईविना राहिली, आणि तू तुझं भरलं घर सोडून दोन वर्षं माझ्या क्वार्टरात राहिलीस. तिच्या वेण्या घातल्यास, तिच्याकडून पाढे म्हणून घेतलेस, माझा नाइट शिफ्टचा डबा भरलास. मी ते विसरलेलो नाही, आणि तीही विसरलेली नाही. ती सरळ सांगते, "आत्या नाही म्हणाली तं माझंही नाही." म्हणजे लग्न तिचं, बाप मी, आणि शेवटचा शब्द तुझा. उत्तर ह्याच पत्रात आहे, आक्का. फक्त ते द्यायला मला जरा लांबून यावं लागतंय, म्हणजे लडाखहून.

मी, धोंडबा आणि बळीराम असे तिघं शनिवार-रविवारला जोडून लडाखला जाऊन आलो. धोंडबाला तू ओळखतेस, चरोद्याचा, मालगाडीचा गार्ड होता. (आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. तो रिटायर झाल्यावर नाव बदललं, त्याचं दुःख त्याला अजून आहे.) बळीराम माझा शेजारी, रसमड्याच्या कारखान्यात फोरमन आहे, आणि जिथे जाईल तिथे खायचं घेऊन जातो. जायचं कुणाच्या डोक्यातून निघालं, तर उत्कर्षाच्या. मला म्हणाली, "पप्पा, ऑगस्टमध्ये रिटायर होऊन राहिले तुम्ही, आयुष्यात एकदा तरी कुठं जा ना यार. तिकीट, हॉटेल, गाडी, सब मैं देख लेती हूँ." मी म्हटलं, पचमढी बघू. तिने लडाख काढलं. इतक्या हौसेने ती मागे का लागली, हा प्रश्न मला पडायला हवा होता. चौतीस वर्षं अपघाताची कारणं शोधण्यात गेली माझी, पण घरात ते डोकं चालत नाही.

माझी नोकरी तुला माहीत आहे, तरी पुढचं कळावं म्हणून सांगतो. प्लांटमध्ये गॅस सेफ्टी. जिथून गॅसची लाइन जाते तिथे कमरेला मीटर लावून फिरायचं. हवेतला ऑक्सिजन कमी झाला की मीटर ओरडतो. तो ओरडला की प्रश्न विचारायचे नाहीत, वारा कुठून येतो ते बघायचं आणि वाऱ्याला आडवं पळायचं. हजारो माणसांना मी हे शिकवलं, पळवून शिकवलं. सेक्शनने मोडीत काढलेला एक मीटर मी रीतसर विकत घेऊन घरी दुरुस्त केला होता, तो बॅगेत टाकला. लडाखला ऑक्सिजन कमी असतो असं ऐकलं होतं, तेव्हा मीटर नेण्यात काही गैर नाही असं मला वाटलं. धोंडबाने आपली लाल आणि हिरवी झेंडी घेतली. "कायले रे?" विचारलं तर म्हणाला, "असू दे, सवय हाय." बळीरामने ठेठरी-खुरमीचा डबा आणि चिवड्याची सीलबंद पाकिटं घेतली. रायपूरच्या विमानतळावर बॅग तपासणाऱ्या शिपायाने मीटर, झेंड्या आणि ठेठरी एका ओळीत मांडली आणि आमच्याकडे बराच वेळ बघितलं.

लेहला उतरलो तर बाहेर एक सडपातळ, उन्हाने रापलेला मुलगा माझ्या नावाची पाटी घेऊन उभा. उत्कर्षाने ठरवून दिलेला ड्रायव्हर. त्याने पाटी खाली ठेवली, दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "जय भीम, अंकल." आक्का, आमच्या तिघांच्या डोळ्यांत पाणी आलं. धोंडबा म्हणाला, "पाह्य, बुद्धाची भूमी हाय. इथं लहान-मोठा प्रत्येक जण जय भीम करते." आम्हाला ते लगेच पटलं. त्यानंतर विमानतळापासून हॉटेलपर्यंत जो दिसेल त्याला आम्ही जय भीम केला. जर्दाळू विकणाऱ्या बाईला केला, फाटकावरच्या जवानाला केला, वाटेवरच्या विहारातल्या ऐंशी वर्षांच्या भिक्खूंना तर वाकून केला. प्रत्येक जण हसून म्हणायचा, "जुले." हॉटेल येईपर्यंत बळीरामने अर्थ लावला की जुले म्हणजेच इकडच्या भाषेतलं जय भीम. मीही मान हलवली. (जुले हा त्यांचा नमस्कार आहे, आणि धन्यवादही आहे, आणि निघताना म्हणायचं "येतो"ही आहे. हे मागाहून कळलं.) ड्रायव्हर तेवढा ऐकून गप्प हसत होता.

पहिले दोन दिवस मात्र सांगण्यासारखं काही घडलं नाही, कारण आम्ही आडवे होतो. इतक्या उंचीवर गेल्यावर अठ्ठेचाळीस तास पडून राहायचं असतं, असं ड्रायव्हरने बजावलं. मी सेफ्टीचा माणूस, मला नियम म्हटला की आनंद होतो. खोलीच्या दारावर मी हाताने लिहून सूचना लावल्या : जिना चढू नये, मोठ्याने हसू नये, आंघोळ करू नये. तिसरी सूचना बळीरामने मनापासून पाळली. आमची सुट्टी होती शुक्रवार, शनिवार आणि रविवारची, सोमवारी परतीचं विमान. त्यातले दोन दिवस आम्ही लडाखचं छत बघत काढले. छत चांगलं आहे, विलो नावाच्या झाडाच्या काड्यांचं आहे. धोंडबा दर तासाने उशीवरून विचारायचा, "सिग्नल भेटला का बे?" ड्रायव्हर सकाळ-संध्याकाळ येऊन आमच्या बोटाला तो ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायचा आणि आकडे कुणाला तरी फोनवर कळवायचा. मी मनात म्हटलं, किती शिस्तीची टॅक्सी कंपनी आहे.

रविवारी निघालो. मला वाटायचं लडाख म्हणजे बर्फ. तसं नाही आक्का, ते वाळवंट आहे. झाड नाही, गवत नाही, नुसते करडे-पिवळे डोंगर, वाळू आणि वर एवढं मोठं निळं आभाळ की बोलायची इच्छा होत नाही. मला खरंच भरून आलं. मी आयुष्यभर वर बघितलं की धूरच बघितला. मी हे बळीरामला सांगणार, तेवढ्यात तो काचेतून बघत म्हणाला, "देवानंदभौ, हे तं आपल्या स्लॅग डम्पसारखंच दिसून राह्यलं ना. एवढ्या दुरून कावून आलो आपण?" भट्टीच्या मळीच्या टेकड्या बघत म्हातारा झालेल्या माणसाशी काय बोलणार. धोंडबा तर डोंगराकडे बघतच नव्हता. गाडीच्या शेवटच्या सीटवर उलटं तोंड करून बसला होता, कारण गार्डाने मागे बघायचं असतं. त्यानेच मला सांगितलं की गाडीची नंबर प्लेट पांढरी आहे, टॅक्सीची पिवळी असते. मी म्हटलं, इकडची पद्धत वेगळी असेल.

आता मुख्य प्रसंग. रस्ता चढत चढत सतरा हजार फुटांच्या वर एका खिंडीत पोचला. तिथे उंचीची पाटी आहे, पाटीसमोर फोटोसाठी रांग, आणि चारी बाजूंनी दोरीला बांधलेल्या रंगीत प्रार्थनेच्या पताका फडफडत असतात. बळीरामच्या मांडीवर चिवड्याचं पाकीट होतं. वर चढताना ते आपोआप फुगत फुगत उशीएवढं झालं होतं, आणि तो त्याला काळजीने थोपटत होता. मी मित्रांना दाखवावं म्हणून बॅगेतून मीटर काढला आणि चालू केला. नेमकं त्याच क्षणी बळीरामने पाकीट दाबलं. धाडकन आवाज झाला, चिवडा सगळीकडे, आणि माझ्या हातात मीटर किंचाळायला लागला. लाल दिवा. ऑक्सिजन कमी. आक्का, मी विचार केलाच नाही. विचार करू नका हेच मी चौतीस वर्षं शिकवलंय. मी दार उघडून उडी मारली, पताकांकडे बघून वाऱ्याची दिशा घेतली, "गॅस! गॅस! आडवा भागो!" असं ओरडलो आणि वाऱ्याला आडवा पळत सुटलो. माझ्या अंगावर सेफ्टीचं पिवळं जाकीट होतं. (थंडीचं म्हणून घातलं होतं.) ते जाकीट बघून फोटोच्या रांगेतले पंधरा-वीस पर्यटक माझ्या मागे पळायला लागले.

इकडे धोंडबाचा नियम वेगळा. गाडी अवचित थांबली की गार्डाने मागच्या बाजूला जाऊन येणारी गाडी थांबवायची. त्यामुळे मी डोंगराच्या बाजूला पळतोय आणि धोंडबा लाल झेंडी दाखवत रस्त्याने उलटा उताराला लागलाय. त्याने मोटरसायकलींचा एक तांडा थांबवला, दोन ट्रक थांबवले. बळीराम कुठेच पळाला नाही, तो चिवडा गोळा करत होता. सतरा हजार फुटांवर माणूस साधारण चाळीस पावलं पळू शकतो, हे मी आता अनुभवाने सांगू शकतो. एकेचाळिसाव्याला डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी बसलो. तेवढ्यात तो ड्रायव्हर पळत न येता, शांतपणे चालत आला, पर्यटकांना हात करून परत पाठवलं, मला पाठीवर घेतलं आणि गाडीपर्यंत आणलं. माझं वजन पंच्याऐंशी आहे. नाकाला ऑक्सिजनची नळी लावत म्हणाला, "अंकल, मीटर ख़राब नहीं है. ये भिलाई की हवा पे कैलिब्रेट है, यहाँ तो रोएगा ही." हे ऐकून मला नळीतून सुद्धा वाटलं की ड्रायव्हरला कॅलिब्रेशन कसं ठाऊक? मग तो धोंडबाला आणायला गेला. धोंडबा जागा सोडायला तयार नव्हता, म्हणत होता, "ऑर्डर कुठं हाय? ऑर्डरबिगर गार्ड हालत नाही." मुलगा वाद न घालता परत गाडीशी आला, बॅगेतून हिरवी झेंडी काढली आणि दुरून नीट, हात सरळ ठेवून हलवली. धोंडबाने लाल झेंडी गुंडाळली, मोटरसायकलवाल्यांना जाऊ दिलं आणि येऊन आपल्या सीटवर उलटा बसला. त्या दिवसापासून तो त्या मुलाविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाही.

माझे हातपाय गार पडले होते, म्हणून मुलाने आम्हाला खाली त्याच्या गावात, त्याच्या घरी नेलं. त्याच्या आईने काही न विचारता माझे मोजे काढले आणि पाय गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवले. मग वाडग्यात पिवळसर, वर तूप तरंगणारं काहीतरी दिलं. बळीरामने चव घेतली, खारट लागलं, म्हणून त्याने ते वरण समजून भात मागितला. तो चहा होता. लोणी घातलेला. तिसऱ्या वाडग्यापर्यंत आवडायला लागतो, आणि चौथा नको म्हणता येत नाही. ती माउली आमची भाषा बोलत नव्हती, आम्ही तिची बोलत नव्हतो, पण माझ्या कपाळावर हात ठेवून बघायची तिची रीत थेट तुझी होती. तिथे बसल्या बसल्या मला भिंतीवर एक कॅलेंडर दिसलं. आमच्या विहार समितीचं. चारशे प्रती छापल्या होत्या, आणि दुर्गच्या पुढे एकही गेली नव्हती, कारण वाटायला मीच होतो. छापखान्याने माझ्या नावापुढच्या "सचिव"मधला चि दीर्घ छापला होता, म्हणून मी चारशे प्रतींवर निळ्या पेनाने तो ऱ्हस्व केला होता. लडाखमधल्या त्या स्वयंपाकघरात, चुलीच्या वर, माझ्या हातचा निळा ऱ्हस्व चि होता. आणि आम्ही ज्या शुक्रवारी पोचलो त्या तारखेभोवती लाल गोल करून खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "अंकल".

मी मुलाकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. आईने आणखी चहा ओतला.

असो. प्रवास सुखरूप झाला, सोमवारी रात्री घरी आलो. धोंडबा आणि बळीराम तुला जय भीम सांगतात. तब्येतीला जप. पियूषला म्हणावं, आजीला मोबाईलवर बातम्या कमी दाखव. अधिक काय लिहू?

तुझा धाकटा भाऊ,
देवानंद

ता. क. अधिक लिहायचं होतं ते असं. तो ड्रायव्हर ड्रायव्हर नाही. गाडी त्याच्या मामाची होती. मुलाचं नाव जिग्मेत. रायपूरला इंजिनीअरिंगला उत्कर्षाच्या वर्गात होता, आता तिकडच्या पाणी खात्यात इंजिनीअर आहे. लडाखमध्ये जय भीम म्हणणारा माणूस तो एकटाच निघाला, आणि त्याला ते उत्कर्षाने शिकवलंय. आमच्या बोटांचे आकडे रोज तिलाच जात होते. मला राग आला, आक्का. स्वतःच्या मुलीने बापाला फसवून मुलगा बघायला पाठवलं. परतल्यावर बोललो तिला, जरा जास्तच बोललो. ती म्हणाली, "पप्पा, सांगून पाठवलं असतं तं तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून गेले असते अन् त्यानंही घातला असता. दोघंही खोटे दिसले असते." ह्यावर तुला काही उत्तर सुचलं तर कळव.

आणखी ता. क. गेल्या जयंतीला मंडपात सगळ्या बायांसमोर तू म्हणाली होतीस, "मले मुलगा बौद्ध पायजे, बाकी काई अट नाई." तर हा बौद्ध आहे. आपण छप्पन सालचे, त्यांचं घराणं हजार वर्षांपासूनचं, तेव्हा सिनिऑरिटी त्यांची धरावी लागेल. त्याची आई तुपाचे दिवे लावते, माळ ओढते, दारावर काहीबाही लटकवते. मी तिला बावीस प्रतिज्ञा समजावणार होतो, पण तेव्हा माझे पाय तिच्या घमेल्यात होते. मुलाने मात्र बावीसच्या बावीस पाठ केल्या आहेत. तुला म्हणून दाखवील, फक्त मधे टोकू नकोस, टोकलं की त्याला पहिलीपासून सुरुवात करावी लागते. परागबद्दल माझं काही वाईट म्हणणं नाही. दौलतरावांकडे मी स्वतः जाईन आणि हात जोडेन. मुलगी इतक्या लांब जाईल ह्या विचाराने मला झोप लागत नाही, हे उत्कर्षाला सांगितलेलं नाही, फक्त तुला सांगतोय. तरी माझं हो आहे. तुझं नाही असेल तर ती ऐकेल, आणि हसत ऐकेल, तेच मला बघवणार नाही.

शेवटचं ता. क. हे पत्र मी पोस्टात टाकलेलं नाही. जिग्मेत परवा भिलाईला आला, आज पहाटे दुर्गहून त्याला गाडीत बसवतोय. तुझ्या दारात ज्या मुलाने हात जोडून हा लिफाफा दिला आणि ज्याला तू कुरियरवाला समजून दार लोटून घेतलं असशील, तो तोच. मी त्याला सांगून ठेवलंय की आत्याचं पत्र वाचून होईपर्यंत बसायचं नाही आणि पाणी मागायचं नाही. तेव्हा पत्र इतकं लांबेल असं मला वाटलं नव्हतं. तो ऐकणारा मुलगा आहे, उन्हातच उभा असेल, आणि रायपूरचं कॉलेज सुटल्यापासून त्याची असल्या उन्हाची सवय मोडली आहे. तू प्रत्येक पत्र दोनदा वाचतेस. आक्का, हे दुसऱ्यांदा वाचायच्या आधी त्याला आत घे.